चटका बसला की सोडायचं

साल्ट फोर्कमध्ये व्हर्ना ऑस्टबीच्या हाताखालून गेलं नाही असं डोकं शोधून सापडायचं नाही. गावातल्या पोरींचे पहिले केस तिने कापले, त्याच पोरींचे लग्नातले अंबाडे तिनेच घातले, आणि म्हातारी माणसं गेली की दफनाच्या आदल्या दिवशी त्यांचे केस विंचरायलाही तिलाच बोलावणं यायचं. कंगवा, चाप आणि केस कुरळे करायची तापती सळई पिशवीत टाकून ती निमूट जायची. निमूट म्हणजे व्हर्नाच्या मानाने निमूट. शेजारची फर्न गेली तेव्हा शवपेटीशी उभी राहून ती म्हणाली होती, "जिवंतपणी कधी एका जागी बसली नाहीस बाई. आज बघते कशी हलतेस." मग नाक ओढत तिने फर्नच्या बटा अशा वळवल्या, की लग्नाच्या दिवशीही ही इतकी बरी दिसली नव्हती, असं खुद्द फर्नचा नवरा म्हणाला.

तिचं दुकान घरातच होतं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, आरसा, केस वाळवायचा टोप आणि जुनी मासिकं. मागे गॅरेज, ते नवऱ्याचं, म्हणजे अर्लोचं. मधे स्वयंपाकघर, ते दोघांचं. संसाराच्या पहिल्या वर्षीच या हद्दी आखल्या गेल्या आणि त्या कुणी मोडल्या नाहीत. अर्लोला केसांच्या औषधांनी शिंका यायच्या, व्हर्नाला गॅरेजमधल्या तेलकट चिंध्यांचा राग यायचा. गावात म्हणायचे, यांचं लग्न टिकलं ते मधल्या स्वयंपाकघरामुळे.

अर्लोने जन्मभर काउंटीच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवलं. त्या काचेच्या खोक्यात एकट्याने बसून बसून त्याची बोलायची सवयच मोडली होती. दिवसात चार वाक्यं सलग बोलला की त्याला कॉफी लागायची. निवृत्त झाल्यावर तो गॅरेजमधल्या कामाच्या बाकाशी बसायला लागला आणि तिथे त्याचा एकच उद्योग, काडतुसं भरणं.

त्याच्या बापाची एक जुनी रायफल होती. तिच्या मापाची काडतुसं कारखान्यांनी केव्हाच बंद केली होती, त्यामुळे घरात जेवढ्या पितळी पुंगळ्या होत्या तेवढ्यावरच तिचं आयुष्य. गोळी झाडली की रिकामी पुंगळी गवतातून शोधून उचलायची, साफ करायची, दाबून मापात आणायची. बुडात ठिणगीची नवी टोपी, आत बंदुकीची नवी दारू, तोंडाशी नवी गोळी घातली की तीच पुंगळी पुन्हा तयार. पण पितळ दरवेळी फुगून आणि दाबून कडक होत जातं आणि एक दिवस तोंडाशी चिरतं. म्हणून अधूनमधून तोंडाला आगीचा ताव देऊन ते मऊ करावं लागतं. हे अर्लोचा बाप करायचा, मग अर्लो करायला लागला. पुंगळ्या त्याच होत्या.

रायफल मात्र आता जावयाकडे होती. मुलगी ट्रुडी हिला पहिलं बाळ झालं तेव्हा अर्लोने ती उचलून जावयाच्या, डॅरेलच्या, हातात दिली होती. त्यावर दोघांनीही काही भाषण केलं नव्हतं. डॅरेल घरोघरी गॅस पोचवायची टाकीगाडी चालवायचा. माणूस सरळ, पण काळजीखोर. सासऱ्याने आता गाडी चालवू नये, घर विकावं, त्यांच्या गावी राहायला यावं, असं तो दर भेटीत सुचवायचा आणि अर्लो दर भेटीत बटाटे वाढून घ्यायचा. दोघांत वैर नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. होता तो एवढाच: सप्टेंबरच्या सुरुवातीला, सुट्टीच्या जेवणानंतर, अर्लो खिशातून काडतुसांचा डबा काढून डॅरेलपुढे सरकवायचा. डॅरेल म्हणायचा, "थँक्स, अर्लो." अर्लो म्हणायचा, "रिकाम्या परत आण." सासरे-जावयाचं प्रेम ते एवढंच, पण दरवर्षी न चुकता.

तर यंदा तो डबा देऊन झाल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी, अर्लो चक्क सलूनच्या दारात येऊन उभा राहिला. खुर्चीत डोलोरेस बसली होती, डोक्याला गुंडाळ्या लावलेल्या. तिने आरशातूनच डोळे विस्फारले.

"व्हर्न," अर्लो म्हणाला आणि शिंकला. "मोकळी झालीस की गॅरेजमध्ये ये. तुला एक शिकवायचंय."

तो गेल्यावर डोलोरेसने हातातलं मासिक मिटलं. मग म्हणाली, "माझ्या हॅरॉल्डने मला तळघरातली भट्टी पेटवायला शिकवली होती ना, आठवतं तुला? नाताळापर्यंत काही राहिला नाही तो."

"तुझ्या जिभेला गुंडाळी लावू का एखादी?" व्हर्ना म्हणाली. पण पुढची गुंडाळी तिने दोनदा सोडून पुन्हा लावली.

गॅरेजच्या खिडकीवर अर्लोने जाड कापड लावून भरदुपारी अंधार केला होता. बाकाला पकडलेली गॅसची छोटी बत्ती निळी जळत होती. समोर पुंगळ्या उभ्या, आणि खाली ओला करून पसरलेला टॉवेल.

"हा माझा टॉवेल आहे!" व्हर्ना ओरडली. "मी सगळं घर पालथं घातलं याच्यासाठी."

"बस," अर्लो म्हणाला. "बूड चिमटीत धर. तोंड ज्योतीत. आता फिरव."

"अशी?"

"हळू. लाटणं नाहीये ते."

"अरे, मी जन्मभर हेच करत आलेय. बायकांच्या केसांना सारखी आच देणं म्हणजे तुझं बर्फ ढकलणं नव्हे."

"बोलू नको. बोटांकडे लक्ष दे. आधी बुडाला ऊब येईल. मग गरम लागेल. मग चटका बसेल. चटका बसला की सोडायचं. त्याच्या आधी नाही आणि नंतर तर मुळीच नाही."

"मग चिमट्याने का नाही धरत, बोटं भाजून घेण्यापेक्षा?"

अर्लोने तिच्याकडे पाहिलं. "चिमट्याला चटका बसतो का?"

व्हर्नाला ते पटलं. तिने पुंगळी ज्योतीत धरली आणि बोटांत गरगर फिरवली. तोंडाशी पितळाचा रंग पालटला, निळसर झाक उतरायला लागली, बुडाला ऊब आली, आणि "आई गं!" म्हणत तिने पुंगळी टॉवेलवर टाकली. चर्र झालं. अर्लोने ती उचलून खिडकीचं कापड सारलं आणि उजेडात डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली.

"लवकर सोडलीस."

"भाजलं मला!"

"भ्यालीस. भाजलं नाही."

हे खरंच होतं, म्हणून व्हर्नाला जास्त राग आला. दुसरी पुंगळी तिने दात खाऊन धरली. आता गंमत अशी की तापत्या सळयांनी तिची बोटं इतक्या वर्षांत निबर झालेली होती. भीती गेल्यावर त्या बोटांना सोसायला काहीच अडचण नव्हती. चटका बसला, तरी ती मनाशी म्हणाली, बघू दे म्हाताऱ्याला, आणि धरून राहिली.

"सोड!" अर्लोने तिच्या हातावर फटका मारला. पुंगळी उडून कोपऱ्यात गेली. अर्लोचा आवाज चढलेला तिने क्वचितच ऐकला होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अर्लोने वाकून ती पुंगळी शोधली, ऐरणीवर ठेवली आणि हातोडीने ठोकून सपाट केली. मग खाली बसला. हातोडी बाजूला ठेवून तो बोलला, त्याच्या मानाने व्याख्यानच होतं ते.

"तोंड मऊ हवं. बूड कडक हवं. रायफल उडते तेव्हा सगळा दाब बुडावर येतो. बूड मऊ पडलेलं असलं तर ते फाटतं आणि आग मागे येते. मागे माणसाचं तोंड असतं. आणि बूड मऊ झालंय का, ते नुसतं बघून कळत नाही. बोट सांगतं तेवढंच. पहिल्या चटक्याला सोडलंस तर बूड शाबूत. शंका आली की ठोकून टाकायची, कितीही जुनी असो."

व्हर्नाने डोळे पुसले. "बरं. आता तू एक करून दाखव. म्हणजे मला नीट कळेल."

"तू कर," अर्लो म्हणाला. "मी बघतो."

त्या दिवसापासून दुपारची गिऱ्हाइकं आटोपली की व्हर्ना गॅरेजमध्ये जायला लागली. हाताला अंदाज आला. निबर बोटातही पहिला चटका कुठला ते ती ओळखायला शिकली. एखादी छान उतरली की अर्लो नुसतं "हं" म्हणायचा आणि व्हर्नाला त्या "हं"ची इतकी गोडी लागली की तिची तिलाच लाज वाटली. ती ताव द्यायची, मग तो मापात दाबायचा, तराजूवर डोळे बारीक करून दारू तोलायचा आणि पुंगळ्या भरायचा. या वयात शेजारी शेजारी बसून काही करायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच सुखात डोलोरेसचा हॅरॉल्ड येऊन बसायचा. हा मला का शिकवतोय? आत्ताच का? आणि स्वतः एकही का करून दाखवत नाही?

शेवटी एकदा तिने सरळच विचारलं, "अर्लो, तू मरणार आहेस का?"

"सगळेच."

"शहाणपणा नको. डॉक्टर काय म्हणाला?"

"साखर आहे म्हणाला."

"ते मला ठाऊक आहे. आणखी?"

"मग विचारतेस कशाला?" अर्लो म्हणाला आणि दारूचा चमचा हातात घेतला. व्हर्नाला त्या चमच्यासकट त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

उत्तर मिळालं ते शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात, स्वयंपाकघरात. अर्लोची नखं तीच काढायची. हात समोर ओढून, गावातल्या भानगडी सांगत ती कात्री चालवत होती आणि अर्लो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. बोलण्याच्या नादात कात्रीचं टोक त्याच्या तर्जनीत चांगलंच घुसलं. रक्त आलं. व्हर्ना दचकली. अर्लो खिडकीबाहेरच बघत होता.

"मग? तो बँकेतला काय म्हणाला?" त्याने विचारलं.

व्हर्नाने कात्री खाली ठेवली. त्याचा हात उलटा केला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर गुलाबी, ताणलेली, नवी कातडी होती. ऑगस्टच्या अखेरीस तिथे पट्ट्या होत्या. गाडीच्या इंजिनावर भाजलं, असं तो म्हणाला होता आणि तिने मलम लावून दिलं होतं. तिने आपला अंगठा त्या पेरावर दाबला. मग नख रुतवलं.

"अर्लो, मी काय करतेय?"

त्याने मान वळवून आपल्या हाताकडे पाहिलं, मग रक्ताकडे, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा पडला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"साखरेने पाय आधी बधिर झाले. बोटं गेल्या हिवाळ्यात."

व्हर्नाचा जीव आधी भांड्यात पडला, हे सांगायलाच हवं. मरत नाहीये, नुसती बोटं गेलीत! तिला हसू आणि रडू एकदम येऊ लागलं. ती त्याच्या बोटाला रुमाल गुंडाळत म्हणाली, "एवढंच ना रे म्हाताऱ्या! मला वाटलं..." आणि तिथेच तिचा हात थांबला. कारण आता ती शिकलेली होती. बोटाला चटका बसतो म्हणून बूड शाबूत राहतं. ज्या बोटाला चटकाच बसत नाही, त्याने धरलेल्या पुंगळीचं काय?

"डॅरेलचा डबा," ती म्हणाली. "तो तू ऑगस्टमध्ये केलास."

अर्लोने हात मागे ओढला.

"याच हातांनी?"

"काही भाजल्याचा वास आला," अर्लो टेबलाकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, तू आत मांस भाजतेयस. मग खाली पाहिलं तर माझंच बोट. त्याच्या आधीच्या किती बिघडल्या, मला माहीत नाही. सगळ्या चांगल्याही असतील."

"आणि तरी तू तो डबा दिलास?"

"देणार नव्हतो. पण जेवण झालं, ट्रुडीने कॉफी आणली, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. वर्षात एकदा बघतो तो तसा." अर्लोने रुमालाचं बोट दुसऱ्या हाताने झाकलं. "म्हटलं, हंगामाआधी सांगेन. रोज म्हणतोय. सांगितलं की मग गाडी जाईल, घर जाईल, हा बाक जाईल. तो म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो?"

व्हर्ना भडकली. असा नवरा आपल्याला कुठून मिळाला, आपल्या पोरीचं कुंकू पुसायला निघाला, म्हणून ती ओट्याशी जाऊन भांडी आपटत राहिली. पण आपटता आपटता तिला तो दिसत होता: महिना महिना रोज सकाळी उठून "आज सांगेन" म्हणणारा, आणि स्वतः सांगवत नाही म्हणून निदान पुढच्या पुंगळ्या तरी तिच्या चांगल्या बोटांवर सोपवणारा. तिला त्याची दया आली आणि आपल्याला दया यावी याचाही राग आला. भांडी आटोपली तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "मी सांगते त्याला, की मी शिकत होते आणि माझ्या बिघडलेल्या पुंगळ्या चुकून त्या डब्यात गेल्या. डबा परत घेते. तू मधे पडू नकोस."

"व्हर्न..."

"तू मधे पडू नकोस म्हटलं ना."

शुक्रवारी डॅरेल आणि ट्रुडी येणार होते. शनिवारी पहाटे डॅरेल मागच्या टेकड्यांत हरणाला जायचा. रात्रीच्या जेवणाला हे सांगावं असा व्हर्नाचा बेत. पण ते दुपारीच आले. एक ॲपल पाय ओव्हनमध्ये टाकून ती दुसऱ्याचं पीठ मळत होती, आणि ट्रुडी आत येऊन कोट काढते न काढते तोच बाहेरून डॅरेलचा आवाज आला, "उजेड आहे तोवर नेम तपासून घेतो!" व्हर्नाने खिडकीतून पाहिलं. तो अंगणाच्या टोकाशी, कुंपणाच्या खांबावर रायफल टेकून उभा होता. डबा शेजारीच उघडा.

ती पिठाच्या हातांनी तशीच धावली.

"डॅरेल, थांब! त्या नको!"

"काय झालं, व्हर्ना?"

"मी शिकत होते ना, पुंगळ्यांना ताव द्यायला. माझ्या बिघडलेल्या त्यात मिसळल्यात. दे तो डबा इकडे."

डॅरेल हसला. छान मोकळं हसला. "तुम्ही? गॅरेजमध्ये? आणि अर्लोने येऊ दिलं?" त्याने काडतूस आत सरकवलं. "अहो, अर्लोच्या नजरेखालून गेल्याशिवाय डब्यात काही जातं का? तुम्ही उगाच घाबरता. दोनच झाडतो."

"डॅरेल, माझं ऐक जरा..."

"कानांवर हात ठेवा," तो प्रेमाने म्हणाला आणि त्याने गाल रायफलच्या दस्त्याला टेकवला.

व्हर्नाची खोटी गोष्ट तिथेच संपली.

"खाली ठेव ती!"

अर्लो गॅरेजच्या दारात होता. बर्फातून हाक मारावी तसा तो ओरडला, आणि मग बधिर पायांनी अंगण तुडवत जमेल तेवढा भरभर आला. "काढ ते काडतूस. तोंड लांब ठेव आणि काढ."

डॅरेलने काढलं. त्याला काहीच समजत नव्हतं.

"तिने काही केलेलं नाही," अर्लो धापा टाकत म्हणाला. "मी केलंय. माझी बोटं मेलीत, डॅरेल. त्यांना गरम कळत नाही, थंड कळत नाही. या पुंगळ्या मी जाळल्या असतील. सगळ्या नाही, पण कुठल्या ते मला सांगता यायचं नाही."

डॅरेलने हातातल्या काडतुसाकडे पाहिलं. मग हळूच आपल्या गालाला हात लावला, जिथे रायफल टेकली होती तिथे.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"डबा तुला दिला त्याच्या आधी."

ट्रुडी पायरीवर येऊन उभी राहिली होती. डॅरेलने डबा बंद केला, रायफल खांबाला नीट टेकवली आणि तो पाठ वळवून कुंपणाच्या कडेने पार शेवटच्या खांबापर्यंत चालत गेला. तिथे उभा राहिला. रागवायचा हक्क त्याला होताच, आणि तो बिचारा तो राग लांब नेऊन पाठमोरा खर्च करत होता. व्हर्नाला जावई पहिल्यांदा अगदी मनापासून आवडला तो त्या घडीला.

तो परत आला तेव्हा अर्लोने खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या होत्या. "पायांचंही तसंच आहे," तो म्हणाला. आणि किल्ल्या त्याने डॅरेलला दिल्या नाहीत. व्हर्नाच्या पिठाळ हातात ठेवल्या.

"बरं झालं," व्हर्ना म्हणाली. "तू गिअर टाकतोस की लाकडं फोडतोस तेच कळायचं नाही."

डॅरेल जरासा हसला, नको असताना हसावं तसं. "घराचं काही मी आत्ता बोलत नाही," तो म्हणाला. मग टेकड्यांकडे बघत, "म्हणजे उद्या काही जायला नको."

"माझ्या आहेत," व्हर्ना म्हणाली.

"तुमच्या?"

"शिकत होते ते खोटं नव्हतं. ताव माझा, भरल्यात यांनी. थोड्याच आहेत." आणि तिने किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकून, पीठ पुसून, उजवा हात त्याच्यापुढे धरला. अंगठा आणि तर्जनी लाल होती, वर बारीक बारीक फोडांच्या सालपटांची नक्षी. "मला चटके बसतात रे. बघ. एकेकीला एकेक बसलाय."

डॅरेलने तो हात आपल्या हातात घेऊन पाहिला. दुरुस्तीला आलेलं काही बघावं तसा, काळजीने, उलटसुलट. मग म्हणाला, "आणा."

तो पुन्हा खांबाशी उभा राहिला तेव्हा व्हर्नाने कानांवर हात ठेवले नाहीत. तिने अर्लोचा हात धरला. तिच्या मनात एकच चाललं होतं: कुठल्या एखाद्या पुंगळीला मी हट्टाने जास्त धरलं नाही ना, त्या एका "हं"साठी? हातोडीखाली गेली ती एकच होती ना? आता आगीच्या मागे आपल्या पोरीच्या माणसाचा चेहरा होता आणि मधे फक्त तिच्या दोन बोटांचा शब्द.

"मी तुझा हात दाबतेय," ती कुजबुजली.

"दिसतंय," अर्लो म्हणाला.

रायफल उडाली. आवाज टेकडीवर आपटून परत आला. डॅरेलने दस्ता खाली घेतला, रायफलची खिट्टी मागे ओढली, आणि पुंगळी टुणकन गवतात पडली. त्याने ती उचलून उजेडात धरली, बुडाकडून, तोंडाकडून.

"शाबूत आहे," तो ओरडला.

व्हर्ना तिथेच गवतात बसली आणि रडली. ट्रुडीला वाटलं, आईला काही झालं. झालं काही नव्हतं. त्यानंतर ते सगळे आत गेले, आणि ओव्हनमधला ॲपल पाय जरा जळालेला होता, तो त्यांनी खाल्ला.

शनिवारी सकाळी, डॅरेल टेकड्यांत असताना, व्हर्नाने आणि अर्लोने तो जुना डबा रिकामा केला. दारू आणि गोळ्या काढून घेतल्यावर ती एकेक पुंगळी ऐरणीवर धरायची आणि तो हातोडी घालायचा. बापाच्या हातच्या पुंगळ्या होत्या त्या. प्रत्येक ठोक्याआधी तो क्षणभर थांबायचा, आणि ती त्याला थांबू द्यायची.

दुपारी डॅरेल आला. गाडीच्या मागच्या फळीवर हरीण होतं, दाढीवर दहिवर. दरवर्षीसारखा तो रिकाम्या पुंगळ्या द्यायला गॅरेजच्या दारात आला आणि मुठीत पुंगळ्या घेऊन अडखळला, कारण बाकाशी दोघं बसलेली. त्याने एकदा व्हर्नाकडे पाहिलं, एकदा अर्लोकडे. मग अर्लोच्या तळहातावर त्या ठेवल्या.

"थँक्स, अर्लो," तो म्हणाला. आणि दारातून वळून, "व्हर्ना, पुढच्या वर्षी जरा जास्त लागतील."

अर्लोने मूठ मिटली. मग आत खरंच काही आहे का ते बघायला पुन्हा उघडली. पुंगळ्या होत्या. त्याने हात व्हर्नापुढे केला.

"गार आहेत का गं?"

व्हर्नाने आपली बोटं त्याच्या तळहातावर ठेवली, पुंगळ्यांवर आणि त्याच्यावरही.

"गार आहेत," ती म्हणाली. "पण त्याच्या खिशात होत्या ना, अजून थोडी ऊब आहे."

"हं," अर्लो म्हणाला आणि मूठ तिच्या बोटांसकट मिटून घेतली.